जॅकेट फाटायच्या आधी उसवतं: रायडिंग गिअर घेताना नेमकं काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणं-येणं, ३५० सीसीची गाडी, रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा घाट, अधूनमधून बायको मागे, एकूण बजेट ३० हजार. सध्या अंगावर फक्त सहा वर्षं जुनं ओपन फेस हेल्मेट आहे, आणि मित्र म्हणतायत १८ हजारांचं जॅकेट ऑनलाइन मागव, आत स्वेटर बसेल असं एक साइज मोठं घे, बाकीचं हळूहळू बघू. तर घेऊ का?

नका घेऊ. जॅकेट वाईट आहे असं नाही, पण एक साइज मोठं घेतलंत तर त्यातलं महत्त्वाचं कामच बाद होतं, आणि उरलेल्या १२ हजारांत दोन हेल्मेटं, ग्लव्हज आणि पँट बसत नाही. मी हे एवढं ठामपणे का म्हणते ते सांगते. मी गेली चौदा वर्षं पुण्यात रायडिंग गिअरचं अल्टरेशन आणि रिपेअरिंग करते, स्वतःही गाडी चालवते, पण माझं खरं शिक्षण झालं ते पडलेल्या माणसांची जॅकेटं मशीनखाली घेऊन. रस्त्यावर काय झालं ते जॅकेट उलटं केलं की बरंचसं कळतं.

मागे एकाच आठवड्यात दोन जॅकेटं आली. दोघंही चाळीस-पन्नासच्या स्पीडला, डाव्या अंगावर पडलेले, एक नवले पुलाकडे आणि दुसरा घाटात खडीवरून घसरून. पहिलं जॅकेट महागातलं, मेशचं. कोपराजवळची जाळी वितळून कडक झाली होती, नायलॉनच्या दोरीचं टोक जाळल्यावर कसं होतं तशी, कडा बोटाला टोचत होत्या. पण आतला कोपराचा प्रोटेक्टर, म्हणजे मार झेलणारी गादी, काढला तर तो अगदी कोरा, एक ओरखडा नाही! बाही इतकी सैल होती की पहिल्याच झटक्यात प्रोटेक्टर फिरून दंडाच्या आतल्या बाजूला गेला आणि रस्त्यावर कोपर एकटं घासत गेलं, त्या मुलाला पुढे तिथे ऑपरेशन करावं लागलं. खांद्याची शिलाई वीतभर उसवलेली. दोरा तुटला नव्हता, कापडातून टाके ओढून निघाले होते कारण शिवताना माया, म्हणजे शिवणीपलीकडचं कापड, जेमतेम चार-पाच मिलिमीटर सोडलेली. दुसरं जॅकेट त्याच्या निम्म्या किमतीचं, पण अंगाला घट्ट. कोपरावरचं कापड झिजून पांढरं पडलेलं, वरची टीप पूर्ण घासून गेलेली, पण घडीच्या आत लपलेल्या दोन टिपा शाबूत, आणि प्रोटेक्टर जिथे हवा तिथेच, एका बाजूने सपाट घासलेला. त्याचं कोपर फक्त सुजलं होतं.

तेव्हापासून कोणीही विचारलं की मी आधी शिलाई आणि फिटिंग बघायला सांगते, कापड आणि ब्रँड नंतर. हा फक्त माझ्या टेबलावरचा अनुभव नाही. ऑस्ट्रेलियात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपघात झालेल्या रायडर्सच्या अंगावरचे कपडे तपासले होते, त्यात जवळपास ३० टक्के जॅकेटं, २८ टक्के पँट आणि २६ टक्के ग्लव्हज निकामी झालेले निघाले, आणि हे सगळं मोटरसायकलसाठी म्हणून विकलेलं गिअर होतं बरं का. तरीही गिअर घातलेल्यांना दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी आली हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे गिअर काम करतंच, पण सगळं सारखं काम करत नाही.

तर दुकानात जॅकेट हातात घेतलं की आधी उलटं करा. खांदा आणि बाहीचा जोड, कोपर, बाजूची शिलाई, पाठीमागे कमरेजवळ, या चार ठिकाणी किमान दोन टिपा हव्यात, तीन असतील तर उत्तम, आणि त्यातली निदान एक घडीच्या आत दडलेली हवी कारण बाहेर दिसणारी टीप रस्त्यावर सगळ्यात आधी घासून जाते. मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून जोरात ओढा, टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर ते जॅकेट खाली ठेवा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. दुसरं म्हणजे मेश कुठे आहे ते बघा. छातीवर, पाठीवर, बाहीच्या आतल्या बाजूला जाळी असायला काहीच हरकत नाही, पण खांदा, कोपर आणि कमरेच्या बाजूला सलग जाड कापडच पाहिजे. डेनिअरच्या आकड्याला भुलू नका, तो धाग्याची जाडी सांगतो, धागा कशाचा आहे ते नाही. साधारणपणे ५०० डेनिअरचं कॉर्ड्युरा नायलॉन ६०० डेनिअरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा घासण्याला जास्त टिकतं, हे मी कापता-शिवताना हातालाच ओळखते.

आता सर्टिफिकेटचा घोळ, इथे बहुतेक सगळे फसतात. जाहिरातीत 'सीई लेव्हल २' (सीई ही युरोपातल्या नियमांची खूण) असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा आतल्या प्रोटेक्टरबद्दल असतं, जॅकेटबद्दल नाही! जॅकेटचं युरोपियन स्टँडर्ड वेगळं, ईएन १७०९२, त्यात कापड घासण्याला, फाटायला आणि शिलाई उसवायला किती टिकते हे सगळं तपासतात आणि मग एएए, एए किंवा ए असा क्लास देतात. घासण्याच्या चाचणीत सगळ्यात जास्त मार बसणाऱ्या भागासाठी एएएला साधारण १२० किमी, एएला ७० आणि एला ४५ किमी वेगाएवढं टिकावं लागतं. बी आणि सी पण असतात, बी म्हणजे कापड आहे पण प्रोटेक्टर नाही, सी म्हणजे नुसता प्रोटेक्टर धरून ठेवणारा जाळीचा अंगरखा. तुमच्यासारख्या वापराला एए मिळालं तर फारच छान, निदान ए तरी बघा, आणि जॅकेटच्या आत शिवलेल्या लेबलवर मोटरसायकलवाल्याचं चित्र आणि ही अक्षरं आहेत का ते स्वतः वाचा, वेबसाइटवरचं वाक्य पुरत नाही. अजून एक सोय आहे, मोटोकॅप म्हणून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून कार्यक्रम चालू आहे, ते लोक जॅकेट, पँट, ग्लव्हज घेऊन लॅबमध्ये घासतात-फाडतात आणि स्टार देतात, वर उकाड्यात किती सोसवेल त्याचे वेगळे स्टार. आपल्याकडची मॉडेल्स तिथे फारशी मिळणार नाहीत पण कुठल्या प्रकारचं कापड टिकतं आणि कुठलं नाही याचा अंदाज अर्ध्या तासात येतो, फुकट आहे, जरूर बघा.

प्रोटेक्टर बाहेर काढून बघा. त्याच्या अंगावरच ठसा असतो, ईएन १६२१-१ म्हणजे खांदा, कोपर, गुडघा वगैरे, आणि १६२१-२ म्हणजे पाठ. त्यात एस खांद्याचं, ई कोपराचं, के गुडघ्याचं, एच कमरेचं, आणि चौकटीत १ किंवा २ म्हणजे लेव्हल. आकड्यांत सांगायचं तर तेवढाच ५० ज्यूलचा दणका दिल्यावर लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे जाऊ शकतो आणि लेव्हल २ मधून २० पर्यंत, पाठीच्या प्रोटेक्टरला हेच १८ आणि ९. फरक मोठा आहे, पैशातला फरक त्यामानाने थोडा, म्हणून लेव्हल २ घ्या. टी प्लस असा ठसा असेल तर तो ४० डिग्रीलाही तपासलेला असतो, आपल्याकडे याला किंमत आहे कारण मऊ प्रोटेक्टर उन्हात अजून मऊ पडतात आणि आपण जॅकेट भर दुपारी सीटवर टाकून चहा प्यायला जातो. आणि पाठ तर हमखास तपासा! खांदे-कोपर लेव्हल २ देतात आणि पाठीत नुसता फोमचा तुकडा घालून देतात. एकदा एका जॅकेटच्या पाठीतून मी जो तुकडा काढला तो गादीवाल्याच्या फोमपेक्षा वेगळा नव्हता, बोटाने दाबला की बोट आरपार जाणवत होतं, आणि त्या माणसाला तीन वर्षं वाटत होतं आपल्याला बॅक प्रोटेक्टर आहे. असं निघालं तर त्या खिशाचं माप घेऊन वेगळा बॅक प्रोटेक्टर घ्या, दोन-तीन हजारांत चांगला मिळतो.

फिटिंगसाठी तुमची स्वतःची गाडी घेऊन दुकानात जा आणि जॅकेट घालून गाडीवर बसा, आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. हँडल धरलं की बाही मनगटाच्या वर चढायला नको. कोपर वाकवल्यावर प्रोटेक्टरचा खोलगट भाग बरोबर कोपराच्या हाडावर पाहिजे. मग बरोबर आलेल्या माणसाला तुमचा कोपराचा प्रोटेक्टर बाहेरून मुठीत धरून फिरवायला सांगा, दोन बोटांपेक्षा जास्त फिरला तर बाही सैल आहे. दंडावरचे पट्टे आवळून बघा, तरी फिरत असेल तर साइज लहान घ्या. स्वेटरसाठी मोठं घ्यायची गरज नाही, पुण्याच्या थंडीत आत पातळ थर्मल पुरतं, आणि जॅकेट अंगात नवीन असताना थोडं आवळच वाटलं पाहिजे, महिनाभरात ते तुमच्या अंगाचं होतं. एक गोष्ट माझ्याकडे लोक करून घेतात आणि ती खरंच करण्यासारखी आहे, जॅकेटला आणि पँटला मागून जोडणारी चेन. घसरताना जॅकेट वर सरकून कंबर आणि पाठ उघडी पडते, चेन लावली की ते होत नाही. कंपनी वेगळी असली तरी कुठल्याही चांगल्या शिंप्याकडून आठ-दहा इंची चेन लावून घेता येते.

उकाड्याचं मी खरं सांगते, मे महिन्यात सिग्नलला कुठलंच जॅकेट सुखाचं नसतं. मेश घ्या, हलका रंग घ्या, आत पातळ पूर्ण बाह्यांचं बेस लेयर घाला म्हणजे अस्तर घामाने चिकटत नाही. पण विदर्भात वगैरे गेलात आणि बाहेर ४२-४३ असेल तेव्हा उलटा हिशोब लागतो हे लक्षात ठेवा, हवा अंगापेक्षा गरम असली की मेशमधून येणारा वारा थंड करत नाही, भट्टीसारखा अंग सुकवत जातो आणि तहान लागल्याचंही कळत नाही. तेव्हा बेस लेयर पाण्यात भिजवून पिळून घालायचं, मेशच्या वर एखादं पातळ विंडचीटर अर्धी चेन उघडी ठेवून चढवायचं म्हणजे ओलावा सावकाश उडतो, आणि दर तासाला थांबून पाणी प्यायचं. पावसाचं सोपं आहे, जॅकेटच्या आत लावायच्या रेन लायनरवर पैसे घालवू नका, बाहेरचं कापड भिजून जड होतं आणि वाऱ्याने गारठता, ताम्हिणीत तर तासाभरात. वरून घालायचा रेनसूट घ्या, रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या असलेला, भडक रंगाचा.

आता हेल्मेट, आणि खरं तर तुमचा पहिला खर्च हाच असायला हवा. सहा वर्षांचं हेल्मेट निवृत्त करा, आतला थर्माकोलसारखा थर आणि गादी दोन्ही दबलेली असतात, बहुतेक कंपन्या पाच वर्षांत बदलायला सांगतात, आणि एकदा पडून आपटलं असेल तर बाहेरून चकचकीत दिसलं तरी गेलं. फुल फेसच घ्या. जर्मनीत अपघातांचे अभ्यासक डीटमार ओटे यांनी अपघातातली हेल्मेटं तपासली तेव्हा आघाताच्या खुणांपैकी साधारण एक तृतीयांश हनुवटीच्या भागात होत्या, आणि ओपन फेसमध्ये तिथे काहीच नसतं. १ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही, पण रस्त्याकडेच्या ढिगातल्या हेल्मेटावरही तो शिक्का असतो, म्हणून शिक्क्याजवळचा सीएम/एल (लायसन्स) नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. डीओटीचा, म्हणजे अमेरिकन स्टँडर्डचा, स्टिकर बघून हुरळून जाऊ नका, त्यात अमेरिकेतसुद्धा कंपनीच स्वतः सांगते की आमचं हेल्मेट पास आहे. आयएसआयच्या जोडीला ईसीई २२.०६ हे युरोपात चालणारं स्टँडर्ड असेल तर घ्या, त्यात जास्त जागी, वेगवेगळ्या स्पीडला आपटून बघतात आणि डोकं पिळवटणारा तिरका मारही तपासतात. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल बघा, गोलात ई आणि देशाचा आकडा, पुढचा नंबर ०६ ने सुरू झाला पाहिजे आणि त्यापुढे पी हे अक्षर, म्हणजे हनुवटीचा भागही तपासलेला आहे. आता बेळगावच्या 'वेगा' कंपनीच्या ॲक्सॉरपासून कितीतरी भारतीय ब्रँडमध्ये साधारण पाच-सहा हजारांत हे मिळतं, त्यामुळे महाग आहे ही सबब राहिलेली नाही.

माप घ्यायचं ते भुवयांच्या बोटभर वरून, टेपने. हेल्मेट घालून पट्टा लावा आणि मागून दोन्ही हातांनी वर उचलून पुढे लोटा, डोक्यावरून निघालं तर ते पडल्यावरही निघणार. गालाच्या गाद्या एवढ्या घट्ट हव्यात की बोलताना गाल दातांत यावा. दुकानात पंधरा मिनिटं घालून बसा, कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर डोक्याचा आकार जुळत नाही, दुसरं मॉडेल बघा, साइज वाढवू नका. हे तुमच्या बायकोसाठी मुद्दाम लिहिते, पुण्यात आम्ही बायका स्कार्फ गुंडाळून वरून हेल्मेट घालतो आणि केसांना क्लचर किंवा मागे अंबाडा असतो. स्कार्फवर माप घेतलं की हेल्मेट मोठं येतं आणि स्कार्फ गुळगुळीत असला की ते फिरतं, क्लचर असला की मागून उचललं जातं आणि पडल्यावर तोच क्लचर डोक्यात घुसू शकतो. वेणी घालायची, खाली मानेजवळ, आणि स्कार्फऐवजी पातळ बॅलाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी अंगाबरोबरची टोपी. मी स्वतः दहा वर्षं असंच करते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट नको असं समजणाऱ्यांनी केंद्र सरकारचा रस्ते अपघातांचा २०२२ चा अहवाल बघावा, त्या वर्षी हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

ग्लव्हज लोक शेवटी घेतात, मी हेल्मेटनंतर लगेच घ्यायला सांगते, कारण पडताना माणूस आधी हात टेकवतो, कितीही ठरवलं तरी. तळहाताच्या टाचेवर कडक प्लास्टिकचा स्लायडर असलेला जोड घ्या, हात रस्त्यावर अडकून मनगट मुरगळण्याऐवजी घसरत जातो. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तर त्याला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे महिनोन् महिने जुळत नाही, माझी एक गिऱ्हाईक मुलगी पाच महिने पेन धरू शकत नव्हती. लेबलवर ईएन १३५९४ आणि शक्यतो केपी, म्हणजे बोटांच्या सांध्यांवरचा भागही तपासलेला. मनगटाचा पट्टा लावून ग्लव्ह बोटांकडून खेचून बघा, निघून आला तर उपयोग नाही. बोटं कापलेले जिमचे ग्लव्हज यात धरू नका.

साधी जीन्स पन्नासच्या स्पीडला डांबरावर एक सेकंदसुद्धा टिकत नाही, त्यामुळे गुडघ्याला नुसते गार्ड बांधून जीन्सवर निभावणं म्हणजे गुडघा वाचला आणि मांडी-कंबर सोलली. ऑफिससाठी बाजूने पूर्ण चेन उघडणारी ओव्हरपँट बघा, फॉर्मलवरून चढवता येते आणि पार्किंगमध्ये काढून बॅगेत जाते. पँटही गाडीवर बसूनच बघायची, उभं असताना गुडघ्याचा प्रोटेक्टर थोडा खाली वाटला तर बसल्यावर तो बरोबर येतो. बुटांचं सध्या एवढंच, घोटा झाकणारे, जाड चामड्याचे, लेस आत खोचता येणारे, घरात असतील ते चालतील, रायडिंग बूट पुढच्या बोनसला.

तुमच्या ३० हजारांचं मी असं करेन: दोन फुल फेस हेल्मेटं मिळून ११ हजार, ग्लव्हज ३, मेश जॅकेट ९, गुडघा आणि कंबर दोन्ही प्रोटेक्टर असलेली पँट ७. जॅकेटमध्ये पाठीला फोम निघाला तर पँटमध्ये थोडं खाली या किंवा बॅक प्रोटेक्टर पुढच्या महिन्यात घ्या, पण तो घ्याच. बायकोचे ग्लव्हज आणि जॅकेट त्यानंतर लगेच, तुमच्या बुटांच्याही आधी, कारण पुढच्याला निदान पडतोय हे अर्धा क्षण आधी कळतं, मागच्याला तेवढंही कळत नाही. आणि तोपर्यंत ती मागे बसेल तेव्हा ओढणी जॅकेटच्या किंवा शर्टच्या आत खोचून गाठ मारायची, चाकात गेलेली ओढणी मी एकदा कात्रीने कापून काढलीये, रस्त्यावर बसून.

दुकानात दोघं मिळून जा, शनिवारी संध्याकाळी गर्दी असते म्हणून शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी, म्हणजे जॅकेट उलटं करून बघायला वेळ मिळेल. घेतलेलं जॅकेट कुठे सैल वाटलं तर आत शिवलेल्या लेबलचा, कोपराच्या शिवणीचा आणि गाडीवर बसलेला असे तीन फोटो टाका, बाही किती आत घेता येईल ते मी बघून सांगते.